खिडकी लावून वाचलेली कादंबरी

— नाही हो सिस्टर, कुणी पाठवलं नाही मला, माझी मीच आले. बाहेर पाटी लावलीय ना तुम्ही, खोकला बरेच दिवस असेल तर छातीचा फोटो काढून घ्या म्हणून — ती वाचली आणि आत शिरले. तसा मला खोकला नाही. म्हणजे आहे, पण तो कापडाचा. बायकांचे कपडे शिवते मी, दिवसभर लव उडते, घशात जाते, खोकला येणारच की. ताप? छे. संध्याकाळी जरा कणकण असते, पण संध्याकाळी कुणाला नसते? रात्री घाम येतो, उशी ओली होते — तो या वयाचा घाम, तुम्हालाही येईल, तेव्हा आठवण काढा माझी. वजन मी करत नाही. बाह्या सैल झाल्यात, हे खरं, पण कापड धुऊन धुऊन सैल — हो, आटतं. धुतल्यावर कापड आटतं, सैल पडत नाही, जन्म गेलाय माझा त्यात. बरं, मग झाले असेन मी थोडी बारीक. लिहा. मास्क घालू? द्या. हा कानात अडकवायचा ना? आमच्या मापाचा नाही शिवलेला.

घरात कुणाला टीबी? नाही, घरात कुणाला नाही. मुलगा आहे, सून आहे, नात आहे — नात अजून मान धरत नाही, एवढीशी आहे. शेजारीपाजारीही नाही. आहेत एक ओळखीचे, त्यांना निघालाय. तसे काही फार ओळखीचे नाहीत. प्रूफवाले म्हणतात त्यांना, छापखान्यात प्रुफं तपासायचे, आता घरीच असतात, बायको वारली. पँट घेऊन आले होते माझ्याकडे — कमरेत आत घ्या म्हणाले. मी म्हटलं, मी पुरुषांचं शिवत नाही. तर म्हणाले, ‘पँटला काय कळतंय शिवणारं कोण ते?’ असं बोलणं त्यांचं. आत घेतली. पुन्हा आले, आणखी आत घ्या. मग पुन्हा. मी आपली समजत होते, एकट्या पुरुषाचं जेवण ते, त्यांच्या सुनेच्या हातचं मोजून-मापून घ्यायचं, आटणारच माणूस. टेप माझ्या हातात होती, सिस्टर, आणि डोक्यात आलं नाही.

हं? किती वेळ असायचे? पँट द्यायला कितीसा वेळ लागतो — देतो माणूस आणि जातो. फोटो काढायचाय? आत्ता? चला. इथे उभी राहू? हनुवटी यावर? श्वास रोखते — झालं? एवढंच? यापेक्षा जास्त वेळ तर काज करायला लागतो. दिसलं काय त्यात? डॉक्टर बघतील, बरं. बसते. नको, उभीच राहते, दिवसभर मशीनवर बसूनच असते.

ते वाचायचे हो. पँट घ्यायला आले तेव्हा माझी शिलाई उरली होती, तर तिथं स्टुलावर बसून पिशवीतलं पुस्तक काढून वाचत बसले, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. मी म्हटलं, पुटपुटता कशाला, मोठ्यानं वाचा, मलाही कळू दे. झालं, तेवढंच निमित्त. मग रोज दुपारी यायला लागले. दीपगृहाच्या राखणदाराची कादंबरी होती — एकटाच राहतो, दिवा लावतो, पलीकडच्या किनाऱ्यावरची बाई त्याला दुरून पाठमोरी दिसते, असं काहीतरी. सवय अशी माणसाची, की प्रुफं वाचल्यासारखं वाचायचे — ‘तो वळला स्वल्पविराम थांबला पूर्णविराम’ — मला हसू फुटायचं, सुई बोटात जायची. आणि समोर सुताराचं दुकान, त्याच्या करवतीचा असा काही आवाज की एक शब्द ऐकू येईना. म्हणून खिडकी लावून घ्यायचो. दारही. म्हणजे नुसतं लोटलेलं, कडी कधी लावली नाही, हे लक्षात घ्या! मध्येच खोकायचे, मी कोमट पाणी द्यायचे, पुढे वाचा म्हणायचे. मीच म्हणायचे. दमलेत, थांबावं, हे मला सुचायचं नाही, कारण राखणदार होडीत बसला होता ना तेव्हा.

आणि एक दिवस आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. विचारायचं कुणाला? कोण म्हणून विचारू? मशीनवर बसायचे आणि दाराकडं बघायचे, उलट्या बाजूनं शिवलं मी एक अस्तर. मग त्यांचा मुलगा आला, माझ्याकडं राहिलेली पँट न्यायला. म्हणाला, बाबांना टीबी निघालाय, औषध सुरू आहे. आमच्या घरातल्या सगळ्यांची छाती तपासली, स्वच्छ निघाली. आणि म्हणाला — ऐका गंमत — म्हणाला, बंद खोलीत खूप वेळ सोबत बसणाऱ्याला जास्त लागतो म्हणे, पण बाबा दुपारभर वाचनालयात असायचे, म्हणून तिथल्या ग्रंथपालालाही बोलावून घेतलं. त्या बिचाऱ्याचा फोटो काढला हो तुम्ही लोकांनी! त्यानं म्हणे शपथेवर सांगितलं, हा माणूस माझ्याकडं फिरकलेला नाही. तर सगळे म्हणाले, ग्रंथपाल म्हातारा आहे, विसरला असेल.

विसरला नाही हो तो ग्रंथपाल. प्रूफवाल्यांनीच माझं नाव घेतलं नाही. लोकांनी मला काही बोलू नये म्हणून. मला आधी वाटलं, केवढा सभ्य माणूस. दोन घटका छान वाटलं, खोटं कशाला बोलू. मग घरी गेले, सुनेनं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं, आणि मला खोकला आला. तोंड फिरवलं मी, पण फिरवून किती फिरवणार? त्यांच्या सभ्यपणाचं काय करू मी, सिस्टर? तो माझ्या नातीच्या तोंडावर सोडू?

काय म्हणाले डॉक्टर? डाग? केवढा? कुठं — इथं, वर, उजवीकडं. असेना. म्हणजे आहेच ना मग? नाही? डाग म्हणजे टीबीच असं नाही, बेडका तपासला की कळेल. आणि असला तर गोळ्यांनी जातो, हे त्यांच्या मुलानंही सांगितलं. मी मरायला भीत नाही हो. म्हणजे भिते, पण ते आत्ता नको. बाळाला जन्मल्या जन्मल्या दंडावर टोचलंय, मग तिला नाही ना होणार? पूर्ण भरवसा नाही? तिलाही आणावं लागेल. मुलाला, सुनेला, सगळ्यांना. आणि सून विचारणार, आई, तुम्हाला कुठून लागला?

तुम्ही करता फोन? नको. तुम्ही सांगाल ‘निकटचा संपर्क’, आणि ती त्याचा काय अर्थ काढेल देव जाणे. मीच करते. जाऊ नका, इथंच थांबा.

हॅलो — अगं मीच. नाही, दुकानात नाही, दवाखान्यात आहे. पडले-बिडले नाही. ऐक आधी. छातीचा फोटो काढला, डाग दिसतोय. टीबी असेल, नसेलही. तुम्हा सगळ्यांना बोलावलंय तपासायला. कुठून म्हणजे... ते प्रूफवाले आहेत ना, पँटवाले. ते दुपारी यायचे माझ्याकडं. वाचून दाखवायला. हो, रोज. हो, खिडकी लावून. कारण करवतीचा आवाज — अगं, नाही, तसं काही — तसं काही आहे की नाही ते मलाच माहीत नाही, काय सांगू तुला! बाळाला घेऊन ये आधी. मग काय बोलायचं ते बोल. हॅलो? हॅलो?

ठेवला. रागावली की काय, कळत नाही आवाजावरून. ‘निघतेच’ म्हणाली, एवढंच. रिक्षाला हाक मारल्याचं ऐकू आलं मला.

त्यांना — प्रूफवाल्यांना — इथंच तपासता ना तुम्ही? येतात कधी गोळ्या न्यायला? नको, नका सांगू. आत्ता नको.

आणा ती डबी. नुसती थुंकी चालत नाही म्हणता, छातीतून खोलवरून काढायचं. कळलं. बाहेर, त्या झाडाखाली, उघड्यावर जाऊन. आणि तुम्ही इथंच थांबा, मागं येऊ नका बघू. कुणी बघत असलं की मला नीट खोकता येत नाही.