गॉगलच्या आतली काच

मुलगी : ...आणि पुन्हा एकदा डोळे तपासू, असं म्हणू नका बाबा. माझे डोळे ठीक आहेत.

बाबा : मग नेमबाजीत नापास कशी झालीस, ठमाबाई?

मुलगी : तेच विचारायला आलेय. हा माझा कमांडो पथकाच्या निवडीसाठीचा गॉगल. चष्म्यावर तो बसत नाही, म्हणून आत अडकवायला ही नंबरची काच तुम्ही करून दिलीत. आणि हा माझा रोजचा चष्मा, तोही तुमचाच. दोन्हीत नंबर एकच ना?

बाबा : एकच.

मुलगी : मग त्या दाराच्या चौकटीकडे बघा. चष्म्यातून चौकट सलग दिसते. गॉगलच्या काचेतून बघा. काचेत शिरली की कलते.

बाबा : हात हलतोय तुझा.

मुलगी : टेबलाला टेकवून धरलाय. लहानपणी ह्याच स्टुलावर बसवून तुम्ही शिकवलंत, काचेतली रेघ मोडली की समजायचं, नंबर तिरका बसलाय.

बाबा : बसवताना सरकली असेल. माणूस आहे मी.

मुलगी : दोन्ही डोळ्यांच्या? सारख्याच?

(बाबा दुकानाचं दार आतून लावून घेतात.)

बाबा : कुणाला दाखवलीस?

मुलगी : हे विचारताय तुम्ही?

बाबा : अगं, बंद दारं फोडून आत शिरणारी माणसं ती. आत कोण काय घेऊन बसलंय, देव जाणे. आणि सगळ्यांत पुढे माझी पोर. डोळ्याला डोळा लागत नव्हता माझा.

मुलगी : आणि निवड झाली असती तर? हीच काच लावून मी आत शिरले असते!

बाबा : नसती झाली. तेवढी तिरकी ठेवली होती.

मुलगी : म्हणजे तेही मोजलंत.

बाबा : तू जिवंत राहावीस एवढंच मोजलं.

मुलगी : मी तुम्हाला सांगितलं होतं, निशाणाच्या शेजारी त्याची सावली दिसते. तुम्ही काय म्हणालात? 'नवी काच आहे, सवय होईल.' मी सवय करत राहिले. वाटलं, आपलाच हात कच्चा. सगळे हसले, तरी म्हटलं, काच कशी चुकेल, काच बाबांची आहे. घरी येऊन रडले, तर तुम्ही माझं डोकं मांडीवर घेऊन डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेत! कसले थेंब होते ते?

बाबा : साधेच. गारव्याचे.

मुलगी : आईला ठाऊक होतं?

बाबा : छे! तिनं मला घराबाहेर काढलं असतं.

मुलगी : तोंडावर सांगायचं होतंत, जाऊ नकोस म्हणून.

बाबा : ऐकलं असतंस?

मुलगी : नसतं ऐकलं. भांडले असते, अबोला धरला असता. पण माझ्याशी भांडणारे माझे बाबा आहेत, एवढं तरी समजलं असतं.

बाबा : चुकलं माझं. परवा पुन्हा चाचणी आहे ना तुझी? शेवटचीच ना? दे इकडे. आत्ता बसतो. जेवायच्या आत नवी काच हातात देतो तुझ्या.

मुलगी : नको. चौकातल्या चष्मेवाल्याकडे करायला टाकलीय.

बाबा : त्याच्याकडे? अगं, महाधांदरट आहे तो! दर कामात काहीतरी चुकवतो.

मुलगी : चुकवू दे. त्याचं निदान चुकून चुकेल.