भोकाचं मडकं

माहं माहेर रिसोडाकडचं, बरड रानातलं, तिथं विहिरीले पानी कमीच, पन आमची माय भर उन्हाळ्यात वेल हिरवा ठेवे. मडक्याच्या बुडाले भोक पाडायचं, त्यात चिंधी खोचायची, झाडापाशी मडकं गळ्यापर्यंत गाडायचं, पान्यानं भरायचं, वरून कुटार, म्हंजे कडब्याचा भुसा, पसरायचं. पानी मुयापाशीच झिरपते, वाया जात नाही. हे मी लहानपनापासून पाह्यलेलं.

लगन होऊन केनवडले आली, पोरगी झाली, अन् बहात्तरचा दुष्काळ पडला. काय सांगू तुमाले, खायले रेशनची तांबडी मिलो ज्वारी, अन् तोंडी लावायले मीठ-मिरची, बस. पोरीच्या तोंडाचे कोपरे फुटले, घास घेतला की रडे. म्या म्हनलं, हिले हिरवं पायजे, कसंबी करून पायजे. मंग परसात शेवग्याची फांदी रोवली, बाजूनं चवळी टोबली, अन् जुनी मडकी भोकं पाडून गाडली.

सासूनं पाह्यलं अन् कपायच बडवलं. काहून वं, माह्या जित्या लेकासाठी भोकाचं मडकं आनलं काय? आता भोकाचं मडकं कुठं लागते हे तुमालेबी ठाऊक हाय, सरनाभोवती फिरवतात ते. म्या म्हनलं, आत्याबाई, हे झाडाचं हाय, पन ते आयकते कायले!

तेवढ्यात मालक खडी फोडायच्या कामावरून तापानं फनफनत घरी आले. झालं. सासूनं सब्बल, लोखंडी पहार, उचलली अन् परसात आली. मी मडक्यापुढं फतकल मारून बसली. म्हनलं, ताप उन्हाचा हाय, मडक्याचा नाही, अन् फोडायचंच असन तं पहिले माहं डोकं फोडा. मीबी भेली होती, खोटं कायले बोलू, पन उठली नाही. तिनं सब्बल फेकली अन् घरात जाऊन रडत बसली.

ताप उतरला. सासू म्हने, माह्या नवसानं उतरला. म्या म्हनलं, बरं. शेवग्याले पाला आला तसा पोरीच्या भाकरीसंग रोज शिजवला, तिचं तोंड बरं झालं, पन सासू माह्यासंग धड बोले नाही.

पुढल्या उन्हाळ्यात ती बाजारातून आली, डोक्यावर टोपलं, टोपल्यात दोन कोरी मडकी. माह्यापुढं ठेवली, तोंड फिरवलं अन् म्हने, भोक तूच पाड, माह्यानं नाही होत.

आता ती नाही. नळ आला, तोबी कवा येते कवा नाही, मडकी मातर मी दर साली गाडतो. तुमीबी लावजा बाई दारात काहीतरी. लोक बोलतीन, बोलू द्या. लेकराबायासंग सुखी राहा.