सुबोतित्साचा पाहुणा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण सिंगापुरात तुआसच्या कारखान्यात असताना मी पंपांची ऑर्डर एका प्रश्नावर मिळवली होती. गिऱ्हाईक म्हणजे मिलान नावाचा सर्बियन, तोंड बंद दुकानासारखं. मी आमच्या साहेबांना, मिस्टर तानना, सर्बिया तोंडपाठ असल्याची थाप मारून बसलो होतो, म्हणून जेवायला त्याच्यासमोर मलाच बसवलं.

"ऑर्डर गेली की तूही गेलास, लाह," साहेब वाक्याला सिंगापुरी शेपूट लावत म्हणाले.

मी विचारलं, "गाव कुठलं?"

"सुबोतित्सा. हंगेरीच्या सीमेजवळ."

आपली सवय जाते थोडीच? "ते झालं हो, पण मूळचे कुठले?"

गडी खुललाच. आजोबा हंगेरियन, आजी बुन्येव्हत्सी समाजाची, आई सर्ब. गावावर आधी तुर्क, मग ऑस्ट्रिया-हंगेरी, मग युगोस्लाव्हिया. राज्य बदललं की पाट्या बदलायच्या.

"म्हणजे आमचं बेळगावच," म्हणत मी तिथली पाट्यांवरची भांडणं सांगितली. तो टेबलावर हात आपटून हसला.

सही करून तो साहेबांना म्हणाला, "आमचं गाव यांच्याइतकं कुणालाच कळलेलं नाही."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "पुढच्या आठवड्यात पेरूचे लोक येताहेत. तिथलं काही ठाऊक आहे?"

"साहेब," मी म्हणालो, "आम्ही मूळचे तिथलेच."