एकशे एकोणचाळीस नंबरचा उघडा पोर्ट

जबाब, दि. १८ मार्च २००४

मी, कॅथरिन बस्त्याव तुस्कानो, वय ६३ वर्षे, सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार फ्लॅट ४०२, एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व. समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. केबलवाले विकी यांनी आमच्या इमारतीत एकाच वायरीवर अकरा घरांना इंटरनेट दिले आहे. माझी बहीण सालोमी बहारीनला असते. घशाच्या दुखण्यामुळे जानेवारीपासून तिला बोलता येत नाही. रोज दुपारी चार वाजता आम्ही कॉम्प्युटरवर टाइप करून बोलतो.

सोमवार दि. १५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास, माणिकपूरच्या क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे, मी माझ्या कॉम्प्युटरचे पोर्ट तपासले. पोर्ट म्हणजे आतबाहेर जायची नंबर घातलेली दारे. फाइली वाटून घेण्याचा १३९ नंबर उघडा निघाला. म्हणून इमारतीतल्या इतर कॉम्प्युटरांची यादी पाहिली. सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथ चुरी यांचा अख्खा सी ड्राइव्ह पासवर्डशिवाय सर्वांना खुला होता. मी एकही फाइल उघडली नाही. फोल्डरांची नावे दिसली. ती इथे सांगणार नाही. सौ. विनिता चुरी यांनी विचारले तेव्हाही सांगितली नाहीत.

आमच्या एक्स्चेंजमध्ये शिस्त होती. चालू लाइनवर जायचे तर ऑपरेटरने आधी आपले नाव सांगायचे. न सांगता ऐकणे ही चोरी. चौतीस वर्षे मी ती शिस्त पाळली. त्याप्रमाणे चुरींच्या स्क्रीनवर निरोप पाठवला: "मी कॅथरिन तुस्कानो, ४०२. चुरीसाहेब, तुमचा १३९ उघडा आहे. साऱ्या इमारतीला तुमचे घर दिसते. बंद करून घ्या." मग माझ्याकडचे शेअरिंग बंद केले, फायरवॉल चालू केली व पुन्हा तपासून खात्री केली.

निरोप सौ. विनिता यांनी आधी वाचला, त्याला माझा इलाज नाही.

पाच मिनिटांत चुरी माझ्या दारात आले. "बाई, या वयात हॅकिंग करता?"

"हॅकर स्वतःचा फ्लॅट नंबर देतो का, चुरी?" असे मी विचारले. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली.

मंगळवारी माझी वायर काढली गेली. विकी म्हणाले, "आंटी, मी काय करू? सेक्रेटरी बोलतात, गच्चीवरचा माझा बॉक्सच फेकून देतील." चुरी जिन्यात म्हणाले, "बहिणीला फोन करा की. जन्मभर तेच केलंत."

सालोमीचे ऑपरेशन उद्या, शुक्रवारी आहे. मंगळवारी आणि बुधवारी चार वाजता ती तिकडे बसून राहिली असेल.

आज हवालदारसाहेबांनी चुरी पतिपत्नीला माझ्यासमोर बोलावले. "बाईंनी तुमचं नेलं काय?"

"नेलं काही नाही, पण—"

"पण काय?"

"पण तो निरोप मी वाचला," असे सौ. विनिता म्हणाल्या.

चुरींनी तक्रार लेखी मागे घेतली. विकींनी दोन चाळीसला फोन करून वायर जोडल्याचे कळवले. बाहेर पडताना चुरींनी हळू आवाजात विचारले, "बाई, तो १३९ बंद कसा करायचा?" शनिवारी येऊन सौ. विनितांसमोर बंद करून देईन, असे मी सांगितले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. आता तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. रिक्षा थांबवून ठेवली आहे.

सही: कॅथरिन तुस्कानो