चित्राची पाठ

— रविवार, बारा जानेवारी एकोणीसशे छत्तीस. सकाळी धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा उत्तरेचा, बोचरा. हे बघ, लिहिलं. तू म्हणतेस, 'चित्र तं झालंच नाई बाई, मंग लिहून काय राहिल्या' — अगं, माझ्या चित्राची पाठ आधी तयार होते. मान हलवू नकोस, जयवंता. कागद पालथा करायचा, तारीख लिहायची, हवा लिहायची, कोण बसलं, किती वेळ बसलं, आणि सगळ्यांत खाली एक ओळ सोडायची — निकाल. बावीस वर्षांत माझा एक कागद असा नाही की ज्याच्या पाठीवर हे नाही, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नाही. कुणी शिकवलं नाही मला. ना शाळा, ना मास्तर. पाटी जरा डाव्या मांडीवर घे. बोरं सांडू देऊ नकोस, एकेक बोर काढलंय मी, त्यातलं एक हललं तरी मला कळतं.

कोण येणार? सांगितलं ना मघाशी — मंडळाच्या बायका. चित्रं काढणाऱ्या बायकांचं मंडळ आहे आमचं, अकरा जणी, मी चिटणीस. दर महिन्याला एकीच्या घरी जायचं, आधी भाषण, मग जिचं घर तिची कामाची खोली बघायची, तिचं नवं चित्र बघायचं, मग चिवडा. बहुतेक जणी चिवड्यालाच येतात. चित्रं कसली काढतात म्हणतेस? उशीच्या अभ्र्यावर मोर. हसू नकोस, तोंड बदलतं. आणि भाषणं — आमच्या कौशल्याबाई अध्यक्ष आहेत, नवरा सिव्हिल लाइन्समध्ये साहेबाच्या हाताखाली आहे म्हणून अध्यक्ष, दुसरं कारण कुणी सांगावं मला — त्यांनी मागे एका विलायती चित्रकारावर भाषण वाचलं, कुठल्या मासिकातून उतरवलेलं. मधलं एक पान मागेपुढे झालं होतं. चित्रकार आधी वारला आणि मग त्याचं लग्न झालं. माझ्याशिवाय नऊ जणी बसल्या होत्या समोर, नऊही जणी माना डोलवत होत्या. मी म्हटलं, कौशल्याबाई, पान. तर म्हणतात, पानं नंतर, आधी भाषण संपू द्या. तबकातल्या विड्यांबद्दल विचारतेय वाटलं त्यांना.

तर असं ते मंडळ. त्याला काही शिस्त असेल तर ती मी लावली. माझा नियम आहे — चित्र आणलं की आधी त्याची पाठ वाचायची, मोठ्याने, चिटणिसाने. तोंड नंतर दाखवायचं. का म्हणजे? तोंडाला माणूस भुलतो. पाठीवर कळतं कुणी काय काम केलंय ते. मागच्या महिन्यात इंदुताईंकडे गेलो होतो, इंजिनीअरीणबाई, त्यांनी तळ्यावरचं देऊळ काढलेलं. पाठ पाहिली तर कोरी. मी विचारलं, कुठे बसून काढलंत? तळ्याकाठी म्हणाल्या. कधी? सकाळी म्हणाल्या. हवा कशी होती? — तर हसल्या, हवा कुणाला आठवते म्हणून. मग मी शालीतून कॅलेंडर काढलं. हो, नेलंच होतं बरोबर, आठ दिवस आधी त्यांच्या दिवाणखान्यात चित्र पाहिलं तेव्हाच ओळखलं होतं मी, माझ्याच स्वयंपाकघरात टांगलेलं होतं ते, तेच देऊळ, तोच कावळा कळसावर. ठराव होताच आधीचा, मीच मांडलेला — नक्कल निघाली की चित्र प्रदर्शनाला जाणार नाही आणि नाव एक वर्ष यादीतून बाहेर. इंदुताई हातात चिवड्याची बशी धरून रडल्या. मी निकाल लिहिला. आठ दिवस आधी एकटीला गाठून सांगता आलं असतं, असं सत्यवती नंतर म्हणाली. आलं असतं. पण मग बाकीच्यांना धाक कसा बसणार?

सत्यवती? मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. ती आणखी वेगळी. कोळसा घेते हातात, चार रेघा मारते, आणि म्हणते झालं. झालं काय? कान नाही, केस नाहीत, लुगड्याचा काठ नाही. त्या दिवशी इंदुताईंना पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणते, प्रमोदिनीबाई, तुमच्या चित्रातली माणसं सगळी फोटो काढायला बसल्यासारखी का हो दिसतात? — फोटोवरूनच काढते मी, लपवलंय कधी? पाठीवर लिहिलेलं असतं, 'फोटोवरून.' फोटोवर बारीक चौकटी आखायच्या, कागदावर मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेका चौकटीतलं उचलून तिकडे ठेवायचं. सासूबाई अशाच काढल्या, आमचे दीर वामनराव असेच काढले, त्यांच्या मिशीचा केसन् केस मोजून घ्या. नक्कल वेगळी आणि हे वेगळं. पण सत्यवती म्हणाली, फोटो हीसुद्धा नक्कलच, आणि हात वर झाले. सगळ्यांचे. कौशल्याबाईंचा तर दोनदा. यापुढे माणूस समोर बसवून काढलेलंच खरं. मीच लिहिला तो ठराव, चिटणीस मी. आणि पुढची पाळी कुणाची, तर माझी.

म्हणून बसवलंय तुला. समजलं? चार वाजता येतील त्या. किती झाले — पावणेतीन. होतंय. पदर झाला, पाटी झाली, तुझ्या बांगड्या झाल्या, डाव्या हातात एक पिचलेली दिसतेय ती पण काढली. तोंड शेवटी. तोंड नेहमी शेवटीच काढायचं असतं — नाही, नेहमी नाही, मी काढते शेवटी. गुरुवारी आमच्या ह्यांना बसवलं होतं या खुर्चीत. कोट फार छान आला. काल गोपिका मोलकरणीला बसवलं, तर मागची खिडकी आली, गज अगदी गजासारखे. तू नीट बस म्हणजे येईल. माणूस हलतं गं, हाच तर वैताग, डोळा धरावा तर नाक पुढे जातं, नाक धरावं तर तू जांभई देतेस. हा तिसरा कागद आहे. खोडू किती, कागदाला लव आली.

काय? — कोणी काढलं? सत्यवतीने? तुझं? बघू. कनवटीलाच ठेवलंस, चुरगळला असता ना. दे इकडे. केव्हा काढलं? तू बोरं मापून देत होतीस तेवढ्यात? छे. तेवढ्यात काय होतं.

हं. कान नाहीच. म्हटलं ना मी. पाटी म्हणजे एक रेघ नुसती, त्यात बोरं आहेत की शेणी, देवाला ठाऊक. पदर कुठे गेला. आणि हा डोळा — हा एक डोळा बारीक केला आहेस तू. माप भरताना करतेस ना असा. मीही पाहिलाय तो, रोज पाहते, दोन वर्षं तुझ्याकडूनच घेतेय बोरं. आणि हा पुढचा दात नाही तो. चारच रेघा आहेत. मोजल्या मी. चार. — हो, तूच आहेस. नाही कोण म्हणतंय. सावनेरला भावाकडे पाठवायचा? सात वर्षं भेट नाही? बरं बरं. मग जपायचा कागद असा. इथे ठेव माझ्याजवळ. नुसता ठेव. मी बघते जरा.

हल आता, पाहिजे तेवढी हल. पाय मोकळे कर. आता तुझी गरज नाही मला.

पट्टी कुठे गेली. ही. बघ, तुझ्या या कागदावर सात उभ्या, नऊ आडव्या. आता कशी वाटेवर आलीस. हा डोळा तिसऱ्या चौकटीत, ही जिवणी इथून इथे. हात कसा चालतोय बघ माझा. याला साधना लागते, चार रेघांचं काम नाही हे. त्या बायकांना वाटतं, ही चिटणीसबाई पाठीच लिहायच्या कामाची. वाटू दे. सव्वातीन. हनुवटी झाली. ये, बघ इकडे येऊन. आलीस की नाही? अगदी तूच. तुझा तो डोळासुद्धा —

काय म्हणालीस?

'माह्या तोंडावर जाळी काहून टाकली.'

अगं, जाळी नाही ती, त्या चौकटी, त्या मी खोडून देते ना. रबर आहे. हे बघ, हळूच — थांब. कोळसा पण जातोय. पेन्सिल खाली दाबून बसली आणि कोळसाच वर येतोय. गालाचं गेलं. थांब, कडेकडेने — डोळ्याला हात नाही लावत. नाही लावत म्हटलं. जयवंता, भांड की माझ्याशी. एरवी एका मापासाठी गल्ली डोक्यावर घेतेस. मी दुसरं काढून मागेन सत्यवतीकडून. नको? तिला नको सांगायला? का — बिचारीला वाईट वाटेल म्हणतेस. तिला. — मग हे माझं घे. उद्या घे, चार दिवसांनी घे, काचेत बसवून देते. हेही नको. बरं. आहे तोच पाहिजे. घे. घडी घालू नकोस, डोळ्यावरून मोडेल.

टांगा वाजला. आल्या. चारला या म्हटलं तर वीस मिनिटं आधी. हा इंदुताईंचा आवाज. यादीत नाव नाही, तरी बघायला आल्या आहेत. येणारच. मी पण गेले असते.

तू मागच्या दाराने जा. पाटी इथे राहू दे, बोरं त्यांना देते. कुणी विचारलं तर सांग, दीडपासून बाईंपुढे बसले होते. खोटं नाही ते, बसलीच होतीस. नाहीतर — नको, काही सांगू नकोस. जा तू. तो कागद पदराखाली धर, वारा आहे बाहेर. दार ओढून घे. मला लिहायचं आहे.

'बसली — जयवंता, बोरं विकणारी, मूळची सावनेरची. वेळ — दीड ते पावणेतीन. पदर, पाटी, हात समोर पाहून. चेहरा सत्यवतीबाईंनी कोळशाने काढलेल्या चित्रावरून, चौकटी आखून. तो कागद माझ्या हातून खराब झाला. निकाल — नक्कल. चित्र प्रदर्शनाला जाणार नाही. चिटणीस प्रमोदिनी यांचे नाव यादीतून एक वर्ष वगळले.'