पायरीवरचं पातेलं

विसरवाडीचा बसथांबा. बोकडाचे चार पाये, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. नर्मदाबाईंचे सुजलेले गुडघे. मुलगा भाग्येशनं त्या गुडघ्यांसाठी पुण्याहून पाठवलेला, घरी ठेवलेला कोलेजन पावडरचा डबा. मागच्या बाकावर त्यांच्याच गावचा गवंडी भिकन सासू-सुनेचं बोलणं ऐकत बसला होता.

“आत्या, रोज चमचाभर पावडर दूधमा टाका ना. पाया कशाले?”

“रूपाली, ती पावडर कशानी बनस?”

“मासळीना चामडानी.”

“नि तू डबा ठेवस कोठे?”

“देवघरना बाजूले, फळीवर.”

“मासळीनं चामडं देवना बाजूले चालस, नि मन्हा पाया चालत नई?”

“ते पुण्याहून फोनवर म्हनतस, नव्या घरमा मटण शिजाडानं नई.”

“घरमा नई. पुढना पायरीवर शिजाडसू. सकाळपासून संध्याकाळलोंग, मंद आचवर.”

“पायरीवर? बठ्ठं गाव दखी!”

“दखू दे. तुन्हा डबा बी तठेच मांड, तोबी दखू दे.”

“पन परसमानी चूल तं फोडी टाकी.”

“तीन विटा मांडसू.”

“विटा कोन आनी देई?”

भिकन पुढं झुकला. “मी आनसू, काकू.”

गेल्या दिवाळीत फरशी बसवताना ती चूल भिकननंच फोडली होती.