आईच्या हिरडीतलं

बाबा : म्हणजे या ताटलीतले जंतू अजून जिवंत आहेत?

लेक : हो. ऑपरेशनच्या आधी मीच काढले होते ना आईच्या हिरडीतून. पण आता प्रयोगशाळेतलं काम संपलं. आज नष्ट करायचे आहेत, म्हणून म्हटलं तुम्हाला दाखवावेत.

बाबा : या एवढ्याशा काळ्या ठिपक्यांनी तिचे दात खिळखिळे केले?

लेक : नुसते दातच नाही, बाबा. हे जंतू स्वतःची चरबी बनवतात. हिरडीला ती सोसत नाही. हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं. आणि ऑपरेशनमध्ये आईच्या मानेच्या धमनीतून चरबी काढली होती ना? तिच्यातही यांची चरबी सापडली.

बाबा : खाण्यातली नव्हे?

लेक : खाण्यातलीही असेलच. पण ही खाण्यातली नव्हती.

बाबा : अगं, मी तिला वर्षानुवर्षं उकडलेलं खाऊ घातलं! तेल चमच्याने मोजून. शेवटी तर काकुळतीला आली होती. "अहो, एकदा तरी चमचमीत करा की हो!" मी कसला करतोय? मी आपला डॉक्टरांच्या वरताण.

लेक : मीही तेच सांगत होते, बाबा. कुणाला ठाऊक होतं हे? द्या ती ताटली इकडे. मशिनमध्ये टाकते. वाफेत मरू देत मेले!

बाबा : थांब गं. जरा झाकण उघड.

लेक : कशाला? यांना हवा सोसत नाही. आणि घाण वास येतो.

बाबा : मला माहीत आहे तो वास.

लेक : बाबा...

बाबा : ती गेल्यावर तू तिचे सगळे कपडे धुतलेस, उशीचा अभ्रा बदललास. बरंच केलंस, बाळा. पण आता घरभर नुसता साबणाचा वास येतो. माझी बायको कुठेच नाही गं.

लेक : (हातमोजे चढवून झाकण उचलते.) लांबूनच हं.

बाबा : हाच. अगदी हाच.

लेक : रडू नका ना! आणि इतकं तोंड जवळ नका नेऊ, बाबा.

बाबा : तीही असंच म्हणायची, आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी कधी ऐकलं नाही तिचं.